केनवडच्या मापाचा एलिमिनेटर

माझी नात सध्या पुण्याला संगणक जोडते आहे. दुकानातून तयार आणत नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडते. परवा फोनवर म्हणाली, "आजी, सगळं घेऊन झालं, फक्त पॉवर सप्लाय राहिलाय. स्वस्तातला घ्यायची भीती वाटते आणि महागाचा घेणं जिवावर येतं." मी म्हटलं, "बाई, हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. या दुखण्यापायी माझं वरण साऱ्या विदर्भात बदनाम झालं." तिने लगेच माझ्या तब्येतीची चौकशी केली. आजीचं वय झालं असं तिला वाटलं असणार. म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

ही गोष्ट केनवडची, पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यातली. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. वाशीम जिल्हा फार पुढे झाला. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या विज्ञान शिबिरात मी ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायला शिकले होते. शिबिरात आम्ही पुष्कळ जण होतो, पण शेवटच्या दिवशी ज्यांचे सेट बोलले त्यांत माझा होता. काही गुरुजींच्या सेटमधून नुसता धूर आला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते पाहता एवढी एक गोष्ट माझ्या बाजूची म्हणून नोंदवून ठेवते.

सेटला पेटी चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची होती, आणि तोंडावर माझ्या लग्नातल्या पोलक्याचं कापड ताणून बसवलं होतं. बोलायचा झकास, पण खादाड. टॉर्चचे मोठे सहा सेल पोटात घातले की पंधरवडाभर खणखणीत, मग घसा बसायचा, मग बातम्या सांगणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा आतून बोलायचा. आमच्या ह्यांचं नाव देवमन. आता या वयात घ्यायला हरकत नाही. हे कृषी खात्यात कारकून. हे म्हणायचे, "आपन पगार घेतो आन् सेलवाल्याले नेऊन देतो. आपन त्याचे नोकर हाओ."

तरीही मी निभावून नेलं असतं. पण एक दिवस नागपूरहून पोस्टकार्ड आलं.

माझ्या सासूबाई भागिरथाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, जात्यावरच्या ओव्या फार सुंदर म्हणायच्या. रिसोडला शेतकरी मेळावा झाला तेव्हा रेडिओवाले यंत्र घेऊन आले होते. त्यांनी गावोगावच्या बायांची गाणी घेतली, त्यात आत्याबाईंच्या ओव्या घेतल्या. मी तेव्हा शाळेत होते, ऐकायला मिळालं नाही. आता कार्डात लिहिलं होतं की येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी संध्याकाळी साडेसातला केनवडच्या भागिरथाबाईंच्या ओव्या प्रसारित होतील.

मी आनंदाने ओरडलेच. आत्याबाई मात्र सुपारी कातरत होत्या, त्या कातरतच राहिल्या. म्हणाल्या, "झालं आता. थे कायले आयकाचं? म्हनून टाकलं तिथं. इसरलेबी मी."

मला वाटलं, विनय. किती चुकीचं वाटलं ते पुढे येईल.

गावात दुसरा रेडिओ माणिकरावांकडे होता. ते सोसायटीचे निवृत्त सचिव. त्यांचा रेडिओ मोठा, विजेवर चालणारा, ओसरीत लाकडी घडवंचीवर बसवलेला, त्यावर क्रोशाचा रुमाल. संध्याकाळी ते बातम्या लावत आणि गावाला ऐकू देत. मन मोठं होतं. फक्त त्या ओसरीवर कोणी सतरंजीवर बसायचं आणि कोणी पायरीखाली उभं राहायचं, हे गावाला न सांगता पाठ होतं. आमच्या वस्तीतले लोक पायरीखाली उभे राहत. धर्मांतराला वीस वर्षं होत आली होती, विहारात नवी फरशी बसली होती, पण ती पायरी होती तिथेच होती.

पोस्टकार्डाची बातमी गावभर झाली तेव्हा माणिकराव मला शाळेच्या वाटेवर भेटले. "बाई, कायजी करू नका. भागिरथाबाईले माह्या घरी पाठवा. माहा रेडिओ हाय ना. तुमच्या खोक्याचा काय भरोसा? थे बोलता बोलता मरते."

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण आपलाच आवाज ऐकायला आत्याबाई त्या पायरीखाली उभ्या आहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि ते काही केल्या हलेना. मी म्हटलं, "माणिकराव, आत्याबाईंच्या ओव्या आमच्या अंगणात ऐकू येतील, आणि खणखणीत येतील. तुम्हीही या. बाज टाकून ठेवते तुमच्यासाठी."

शब्द गेला होता. आता सेटच्या पोटाची सोय लावणं भाग होतं. नवे सेल घेतले असते तर प्रश्न मिटला असता, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण महिनाअखेर होती. शिवाय सेल घ्यायचे नाहीत, एकदाच काय ती कायमची स्वस्त आणि मस्त सोय करायची, असं मी घरात मोठ्यांदा बोलून बसले होते. शिक्षकाने वर्गात बोललेलं आणि सुनेने घरात बोललेलं मागे घेता येत नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या लिलाबाई म्हणाल्या, "बाई, जुने सेल फेकता कायले? चुलीच्या गरम राखीत दाबून ठेवा, जित्ते होतात." सेल उन्हात तापवले की थोडे जीव धरतात, हे खरंच आहे. मी राखेत दाबले आणि वर्गाच्या वह्या तपासत बसले. तासाभराने चुलीतून असा आवाज आला की आत्याबाईंनी भाकरीचं पीठ हातातच धरून अंगण गाठलं. सेल फुटले होते, काळा चिकट लगदा तव्याच्या बुडाला लागला होता आणि भाकरी जळून गेली होती. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "मास्तरीन, आता रेडिओत भाकर लाव."

मग ह्यांनी डोकं चालवलं. ऑफिसातल्या भंगार मोटारसायकलची बॅटरी मागून आणली. बॅटरी सहा व्होल्टची, सेटला हवे नऊ. तरी सेट बोलला. पण असा, की बाजारभाव सांगणाऱ्याला आठवडाभर ताप असावा. दुसऱ्या दिवशी बॅटरीतलं तेजाब ठिबकून खाली घातलेल्या गोधडीला भोक पडलं होतं. भोक गोधडीतून सतरंजीत, सतरंजीतून ह्यांच्या घडी घातलेल्या पायजम्यात उतरलं होतं, तेही नेमकं नको तिथे. ह्यांनी बॅटरी परत केली आणि या विषयात पुढे काही बोलायचं नाही असं ठरवलं. फार चांगलं ठरवलं.

उरला एलिमिनेटर. नव्या पिढीला हा शब्द माहीत नसेल. एक डबा असतो. त्यात घरातली वीज शिरते आणि सेलसारखी शहाणी होऊन बाहेर येते. सेल नकोत, बॅटरी नको. अकोल्याला दुकानात तो छापील खोक्यात, गॅरंटीच्या कागदासकट मिळायचा, आणि किंमत ऐकून मी पिशवी उचलून बाहेर आले होते. रिसोडच्या बाजारात एक फेरीवाला चपटे, हलके एलिमिनेटर विकत होता. हातात घेतला तर काडेपेटीसारखा वाजला. म्हटलं, हा नको. ज्या वस्तूने भार उचलायचा ती स्वतः हलकी कशी चालेल? नातीला मी फोनवर हेच सांगितलं, तर ती म्हणाली की आजही जाणकार वजन करून पाहतात. चला, एवढं तरी जुळलं.

शेवटी मी वहाबभाईंकडे गेले. रिसोडला मशिदीच्या मागे त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानभर पोटं उघडी टाकलेले रेडिओ, मधोमध वहाबभाई, कानावर स्क्रू ड्रायव्हर. ते एलिमिनेटर स्वतः गुंडाळून बनवायचे. आपल्या कामावर त्यांचा विश्वास मोठा होता. काम बिघडलं की गिऱ्हाईकाच्या नशिबाला दोष द्यायचे.

"बाई, कंपनीचा माल कंपनीच्या गावासाठी असते," वहाबभाई म्हणाले. "थे लोक समजते, वीज म्हनजे दोनशे तीस. तुमच्या केनवडात दोनशे तीस कवा पाह्यली का कोनी?"

नेमकं बोलले. हिवाळ्यात गव्हाला पाणी सुरू झालं की संध्याकाळी साऱ्या विहिरींवरचे पंप एकदम चालत आणि वर उकंडरावांची पिठाची गिरणी. आमच्या घरातला दिवा लागला आहे की नाही हे पाहायला कंदील लावावा लागे. कंपनीचा एलिमिनेटर असल्या विजेवर सेटला अर्धपोटीच ठेवणार. मग मला ती कल्पना सुचली. माझा आजही तिच्यावर लोभ आहे. मी म्हटलं, "वहाबभाई, शिंपी अंगाचं माप घेतो ना? तुम्ही आमच्या विजेचं माप घ्या. तेवढ्याच विजेवर पूर्ण नऊ व्होल्ट देईल असा बनवा."

वहाबभाईंनी स्क्रू ड्रायव्हर कानावरून काढला. "माशाल्ला. हे मले काहून नाई सुचलं?"

ते मीटर घेऊन एका संध्याकाळी केनवडला आले, माप घेतलं, काटा पाहून हळहळले, चहा प्यायले आणि गेले. रविवारी एलिमिनेटर तयार होता. तुपाच्या डब्यात बसवलेला, उचलायला पाट्यासारखा जड, आणि अकोल्याच्या मानाने निम्म्याहून कमी पैशांत, तेही उधारीवर. डब्यावर त्यांनी खिळ्याने कोरलं होतं, 'केनवड'.

मध्यंतरी सरकारशी दोन झटापटी झाल्या. घरात प्लग नव्हता. तालुक्याच्या वीज कचेरीतले साहेब म्हणाले की तुम्हाला मंजुरी दिव्याची आहे, प्लगची नाही. प्लगसाठी अर्ज, अर्जासोबत तारतंत्र्याचा दाखला, आणि दाखल्यासाठी आधी प्लग बसवलेला हवा. मी ते वाक्य तीनदा ऐकलं, समजलं, आणि बाजारातून दिव्याच्या होल्डरला लावायचा दुतोंडी जोड घेऊन घरी आले. एका तोंडाला दिवा, दुसऱ्याला एलिमिनेटर.

दुसरी झटापट पोस्टात. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं. घरचा सेट असला तरी चार लोकांपुढे वाजवायचा, तर कागद हवा, म्हणून मी गेले. पोस्टातल्या बाबूंनी विचारलं, "सेटची कंपनी?"

"कंपनी नाही. मी बनवला."

"बनोनाराचं नाव लागते बाई. रकाना हाय."

"मग लिहा ना. बनवणारी मीच आहे."

बाबूंनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी उभं आहे का पाहिलं. मग म्हणाले, "घरधन्याचं नाव काय?" आणि त्या रकान्यात लिहिलं, 'श्री. देवमन'. घरातला दिवा बदलायला ज्यांना शेजाऱ्याला हाक मारावी लागे, ते माझे यजमान अशा रीतीने सरकारदरबारी रेडिओचे उत्पादक झाले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "मालात काई खराबी निंगाली तं मले सांगजो."

पण एलिमिनेटर! पहिल्याच संध्याकाळी लावला आणि सेट असा गरजला की लिलाबाई चौकशीला आल्या. दिवा मरतुकडा, पंप जोरात, आणि रेडिओ खणखणीत. फक्त एकच खोट. उकंडरावांच्या गिरणीचा पट्टा फिरू लागला की गाण्यामागे घर्रर्र आवाज यायचा, जणू गाणारी बाई गिरणीतच बसली आहे. आत्याबाईंच्या ओव्या जात्यावरच्या होत्या, गिरणीवरच्या नव्हत्या. मला ते मान्य होईना.

मी उकंडरावांकडे गेले. ते पिठाने पांढरे झालेले, भुवया झटकत म्हणाले, "बाई, भागिरथाबाईसाठी अर्धा घंटा काय, साऱ्या दिवसाची गिरनी बंद ठेवतो. माह्या मायनं तिच्याच संगं जात्यावर दयन दयलं हाय." आणि माणूस असा उत्साही, की तेवढ्यावर थांबला नाही. त्यांनी विहिरीविहिरीवर निरोप धाडला, बुधवारी साडेसातला पंप बंद. भागिरथाबाई रेडिओवर गाऊन राह्यली, घर्रघर्र नको.

त्या निरोपाची बातमी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी भारावून गेले. डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी आलं की डोक्यातलं विज्ञान वाहून जातं, हे मी स्वतःवरून सांगते.

बुधवारी अंगणात माणूस मावेना. आमची वस्ती होतीच, पण वरच्या आळीतलेही आले. पंप बंद म्हणून पाणी द्यायला निघालेले शेतकरीही आले होते, अंगावर घोंगडी, दोघातिघांच्या हातात टॉर्च. आणि माणिकराव आले. मी शब्द दिल्याप्रमाणे बाज टाकली होती. ते क्षणभर उभे राहिले, मग बाजेवर बसले. आत्याबाईंना मी माझी शाळेतून आणलेली खुर्ची दिली होती, पण त्या जमिनीवर, भिंतीला टेकून, तोंड फिरवून बसल्या. "राहू दे वो मास्तरीन," त्या पुन्हा म्हणाल्या. "अजून येळ गेला नाई. बंद करून टाक थे."

"आत्याबाई, लाजता काय?"

"लाजत नाई वो..." म्हणाल्या आणि पदर पुढे ओढून घेतला.

साडेसात वाजायला आले. मी सेट लावला. नागपूरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आता ऐकू या केनवडच्या..." आणि दूर कुठेतरी शेवटचा पंप बंद झाला.

मी वर पाहिलं. आमचा दिवा, ज्याला मी कधी पिवळ्याखेरीज पाहिला नव्हता, तो पांढरा होऊ लागला. सारं अंगण लख्ख झालं. लोक म्हणाले, "वा!" माणिकरावांच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येऊ लागल्या. लिलाबाईंनी डोळ्यांवर हात धरला. केनवडला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वीज मिळाली होती, आणि माझा एलिमिनेटर उपाशी माणसाच्या मापाचा शिवलेला होता.

मला कळलं, पण हात पोचेपर्यंत उशीर झाला होता. तुपाच्या डब्यातून आधी वास आला, मग 'केनवड' या अक्षरांतून धूर, मग फाट्कन आवाज. घरचा फ्यूज उडायला हवा होता; पण तो वारंवार उडतो म्हणून ह्यांनी त्यात खाटेची जाड तार घातली होती. त्यामुळे उडाला तो खांबावरचा. आमच्या वस्तीपासून वरच्या आळीपर्यंत सगळा अंधार. माणिकरावांचा क्रोशाच्या रुमालाखालचा रेडिओही मेला, म्हणजे तिकडे पळायचीही सोय उरली नाही.

माझा हिशेब चुकला नव्हता, हे मी आजही सांगते. त्या दिवशी गाव चुकलं, तेही चांगुलपणाने.

"बोलता बोलता मरते, म्हटलं नोतं का?" अंधारातून माणिकरावांचा आवाज आला. आणि ज्यांच्याजवळ टॉर्च होते त्या सगळ्यांनी, काय झालं ते पाहायला, माझ्या तोंडावर मारले.

इतका अपमान आणि इतका प्रकाश एकदम कधी मिळाला नव्हता. पण त्या प्रकाशानेच मला शुद्ध आली. मी ओरडले, "सेल! टॉर्चमधले सेल काढा!" वर्गात ओरडते तसं. चाळिशीचे बाप्ये 'हो बाई' म्हणून टॉर्च उघडू लागले, त्यांतले काही माझ्याच रात्रशाळेत सही शिकलेले होते.

सेल बसवायची लाकडी चौकट मात्र सापडेना. हे म्हणाले, "मायच्या पाशी हाय." चौकटीत आत्याबाईंनी तंबाखू, सुपारी, चुना असा कप्प्याकप्प्यांनी संसार मांडला होता. मी तो संसार पदरात उपडा केला. "माही सुपारी!" त्या ओरडल्या. मी ऐकलं नाही. एक सेल उकंडरावांचा, दोन कुणाच्या घोंगडीतून, एक लिलाबाईंच्या घरातला. एकेक टॉर्च विझत गेला, अंगण अंधारत गेलं. शेवटचे दोन उरले तेव्हा उजेड फक्त एकाच टॉर्चचा होता, बाजेवरून येणारा. माणिकरावांनी जरा वेळ घेतला. मग टॉर्च विझला आणि अंधारात माझ्या तळव्यावर दोन सेल आले.

मी चाचपडत तारा जोडल्या. पहिल्या ओव्या हुकल्याच होत्या, पण काळ्याकुट्ट अंगणात सेट खरखरला आणि आत्याबाई गाऊ लागल्या.

*पहाट झाली बाई, दगडाले लावी हात*
*ज्वारीच्या पिठामंदी उजाडते माही रात*

कुणी खोकलंसुद्धा नाही. इतका तरुण आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

*लेक माहा देवमन, आफिसात लिवनार*
*बापानं नांगर धरला, हा कागद नांगरनार*

लोक खळखळून हसले. हे अंधारात लाजले असावेत. माझं ऊर भरून आलं. म्हटलं, जिंकलं.

*सून माही मास्तरीन, गावाले शिकवते*
*घरची भाकर बाई, चुलीवर इसरते*

माझं ऊर जागच्या जागी थांबलं. अंगण हसत होतं, आणि हे हसणं वेगळं होतं.

*सून माही मास्तरीन, बोलते छापील*
*तिच्या हातचं वरन, पान्याले लाजवील*

हास्याचा असा कल्लोळ झाला की वरच्या आळीतली कुत्री भुंकू लागली. अंधार होता हे माझं भाग्य. म्हणजे इतके दिवस मी भाकरी जाळून, गोधडी फाडून, सरकारशी भांडून, साऱ्या गावाचे पंप बंद पाडून, माझं वरण पातळ असतं ही बातमी खणखणीत पोचवायची सोय करत होते!

रेडिओ पुढे गात होता, "सून माही मास्तरीन, खुर्ची..." आणि आवाज खोल गेला, विहिरीत उतरला आणि संपला. सहांतले दोन सेल मेलेलेच होते. कोणाचे, ते मी बोलले नाही. माणिकराव मात्र स्वतःहून म्हणाले, "जुने होते बाप्पा माहे सेल. मले तरी काय माईत?" आणि लगेच, "खुर्ची काय? खुर्ची मोडते!"

"खुर्चीत झोपते!" दुसरा कोणी म्हणाला.

पुढचे काही महिने ती ओवी गावाने पूर्ण केली. पाणवठ्यावर, सोसायटीत, माझ्याच वर्गाच्या मागच्या बाकावर. शब्द रोज नवे, अर्थ एकच. वहाबभाईंना कळवलं तर ते म्हणाले, "एलिमिनेटर चांगलाच होता बाई. तुमच्या गावचं नशीब एकदम खुललं, त्याले सोसलं नाई." मी पुढच्या पगारात अकोल्याहून गॅरंटीचा एलिमिनेटर आणला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं चालला. चांगली वस्तू मुकाट चालते, तिच्याबद्दल लिहायला काही उरत नाही.

आत्याबाईंशी मी दोन दिवस मोजून बोलले. तिसऱ्या दिवशी विचारलं, "ती शेवटची ओवी काय होती?"

"चांगली होती थे."

"मग म्हणून दाखवा."

"रेडिओत गेली थे गेली," आत्याबाई म्हणाल्या. "उष्टं परत तोंडात घेत नाई मी."

याचा अर्थ मी असा लावला, की ती ओवी बाकीच्यांपेक्षा वाईट असणार.

उन्हाळ्यात कामरगावला ह्यांच्या मावसभावाचं लग्न होतं. पंगतीत मी बसले, एक आडदांड बाई वरणाची बादली घेऊन वाढत येत होत्या. धनीबाई नाव त्यांचं, नवरीची आत्या. माझ्यापाशी आल्या, थांबल्या. "केनवडच्या का तुमी? देवमनच्या घरच्या? मास्तरीनबाई?" मी हो म्हणताच त्यांनी डाव खाली बुडापर्यंत घातला आणि हसून म्हणाल्या, "मंग तुमाले बुडचं घट्ट वाढते!" सारी पंगत हसली. म्हणजे कामरगावपर्यंत!

मी पानाकडे पाहून म्हटलं, "बाई, तुम्ही ते सगळं ऐकलं?"

"सारं आयकलं. दोनदा रडली मी."

"वरणावर?"

"वरनावर कायले? शेवटच्या ओवीवर." त्यांनी बादली जमिनीवर ठेवली, पदर सावरला आणि पंगतीच्या मधोमध, आत्याबाईंच्याच चालीत म्हटलं:

*सून माही मास्तरीन, खुर्चीवर बसते*
*उभ्यानं जलम गेला, तिच्यात मी टेकते*

मग बादली उचलून पुढच्या पानाकडे गेल्या. लग्नाची घाई होती.

मी जेवले की नाही आठवत नाही. एसटीत ह्यांनी विचारलं, काय झालं, मी म्हटलं, काही नाही, धूळ. घरी आल्यावर आत्याबाईंना काही बोलले नाही. त्यांना आवडलं नसतं. फक्त चूल पेटवली, रोजच्या दुप्पट डाळ घेतली आणि ढवळत तिथेच बसून राहिले, वही नाही, पुस्तक नाही. वरण असं झालं की पळी त्यात उभी राहिली.

आत्याबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, ताटात पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काहून वो मास्तरीन," म्हणाल्या, "आज डाय सांडली का हातातून?"